आईचा कॅन्सर शेवटच्या टप्प्यात आहे, जेवणही सुटलंय. रावेरहून जळगावला आयसीयूत हलवावं का?

डॉक्टरांनी कॅन्सरवरचे उपचार थांबवले असतील आणि आई स्वतः घरीच राहायचं म्हणत असेल, तर केवळ जेवण सुटलं म्हणून हलवू नका. मी याच भागात अशा रुग्णांच्या घरी जाऊन शुश्रूषा करते. शेवटच्या दिवसांत भूक-तहान आपोआप मंदावते. तेव्हा जबरदस्तीने सलाइन लावलं तर सूज आणि छातीतली घरघर वाढू शकते. त्यात मे महिन्याच्या उन्हात एवढा प्रवास!

मात्र वेदना गोळ्यांना जुमानत नसतील, लघवी अडली असेल, रक्त जात असेल किंवा दम लागून जीव घाबरा होत असेल तर जरूर न्या. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मॉर्फिनने वेदना आणि दम दोन्ही हलके होतात. घरची माणसं जागरणांनी पार थकली असतील तरी न्या, त्यात काही गैर नाही. फक्त दाखल करतानाच स्पष्ट सांगा: आराम हवा, व्हेंटिलेटर नको.

आई बोलती आहे तोवर तिची इच्छा तिच्याच तोंडून ऐकून लिहून ठेवा. असं इच्छापत्र सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलंय; २०२३ पासून ते दोन साक्षीदारांसह नोटरीसमोरही करता येतं. भाऊबंदांनाही आजच बसवून सांगा, नाहीतर ऐनवेळी तेच गाडी बोलावतात.