ड्रायव्हर अहवाल देतो की वर्दी?

प्रश्न असा आलाय की लिनक्सवरच्या एका मराठी टिपणात ‘यूएसबी ड्रायव्हर कनेक्शनच्या स्थितीचा अहवाल युजरस्पेसला देतो’ असं वाक्य आहे (युजरस्पेस म्हणजे लिनक्सच्या गाभ्याबाहेर, कर्नलबाहेर, चालणारे प्रोग्राम), तर रिपोर्टला अहवाल चालेल का, आणि कनेक्टेडला काय म्हणायचं.

अहवाल नको, असं माझं स्पष्ट मत. अहवाल म्हटलं की चौकशी समिती आठवते, सगळं उरकल्यावर बसून लिहिलेलं काहीतरी. इथे तसं काही नसतं, पेनड्राइव्ह खोचला की कर्नल नेटलिंक सॉकेटवर (कर्नल आणि प्रोग्रामांमधल्या निरोपांच्या वाटेवर) एक छोटा मेसेज सोडतो, त्यात अ‍ॅड की रिमूव्ह, डिव्हाइसचा पाथ, सबसिस्टिम (डिव्हाइस कुठल्या गटातलं ते), अनुक्रमांक अशी मोजकीच माहिती. याला आपल्याकडे शब्द आहेच की, वर्दी! आगीची वर्दी मिळताच बंब निघाले म्हणतो ना, तीच. युडेव्हअ‍ॅडम मॉनिटर (या वर्द्या दाखवणारी कमांड) चालू ठेवून पेनड्राइव्ह खोचून बघा, एकट्याच्या किती वर्द्या येतात, आधी यूएसबी डिव्हाइस मग इंटरफेस मग स्कझी (डिस्कशी बोलायची पद्धत) मग डिस्क मग पार्टिशन, आणि त्याही दोन-दोनदा, एकदा कर्नलची आणि एकदा युडेव्हने (वर्द्या ऐकून पुढची व्यवस्था लावणाऱ्या प्रोग्रामने) आपले नियम लावून झाल्यावरची.

शिवाय वर्दी ऐकायला कोणी नसेल तर ती वाया जाते. बूट होताना युडेव्ह सुरू व्हायच्या आधीच बरीच डिव्हाइसं सापडलेली असतात, म्हणून मग युडेव्हअ‍ॅडम ट्रिगर या कमांडने कर्नलला त्याच वर्द्या परत द्यायला लावतात. स्थिती मात्र सिसएफएसच्या (कर्नल आपली माहिती जिथे फाइलींसारखी दाखवतो त्या जागेच्या) फाइलीत बसलेली असते, कधीही जाऊन वाचा. म्हणजे वर्दी असते ती स्थिती बदलल्याची.

आता कनेक्टेड. ‘फोन लावला पण लागला नाही’ हे आपण रोज बोलतो, आणि यूएसबीत नेमका हाच फरक आहे. साध्या चार्जरला मोबाईल लावला तर वीज येते, पण समोर कॉम्प्युटरच नाही तर मोबाईलला यूएसबीवरचा पत्ता कोण देणार, म्हणजे लावला पण लागला नाही. कॉम्प्युटर बोलायला लागला की लागला. आणि त्याने कॉन्फिगरेशन (डिव्हाइसने कसं चालायचं, किती वीज घ्यायची ती मांडणी) निवडलं की मी जुळला म्हणेन, कारण यूएसबी २.० मधे तोवर १०० मिलिअँपियरच ओढायची मुभा असते, जुळल्यावर मागितले असतील तर ५०० पर्यंत. अँड्रॉइडमधे वर्दीत डिसकनेक्टेड, कनेक्टेड, कॉन्फिगर्ड अशा तीनच अवस्था येतात, त्यांना सुटला, लागला, जुळला अगदी चपखल बसतात. ‘जोडले गेले’ कशाला हवंय, त्यात कोणी जोडलं तेही कळत नाही आणि जुळलं का तेही नाही.

तर ते वाक्य मी असं लिहीन: ‘यूएसबी लागली, जुळली किंवा सुटली की ड्रायव्हर युजरस्पेसला तशी वर्दी देतो.’