आवडता वास्तववादी लष्करी गेम तुम्हाला पहिल्यांदा कसा गवसला?

आपण विचारले आहे की वास्तववादी लष्करी गेम खेळणाऱ्यांना त्यांचा आवडता गेम पहिल्यांदा कसा गवसला, तो इतकी वर्षे का सुटला नाही, आणि आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने कुठून करावी. माझ्या बाबतीत तो गेम म्हणजे ‘ऑपरेशन फ्लॅशपॉइंट: कोल्ड वॉर क्रायसिस’. प्रागच्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या कंपनीने तो घडवला आणि कोडमास्टर्सने तो २००१ मध्ये बाजारात आणला. पुढे बोहेमियाने ‘आर्मा’ ही मालिका काढली, तिचे मूळ याच गेममध्ये आहे.

त्या काळी नागपुरात बंदुकीचा गेम म्हटले की दोनच नावे निघत, ‘प्रोजेक्ट आयजीआय’ आणि ‘काउंटर-स्ट्राइक’. बर्डी आणि धरमपेठेतल्या सायबर कॅफेंमध्ये दुपारभर त्यांचाच गलका असे. आयजीआयमध्ये एकटा नायक शत्रूचा अख्खा तळ मोकळा करतो आणि अलार्म वाजला की बराकीतून सैनिक निघतच राहतात. त्यात मजा होती, नाही असे नाही. पण दाराआडचा पहारेकरी कोणत्या वेळी कुठे वळतो हे पाठ झाले की भीती संपत असे. अशात माझ्या एका मित्राने बर्डीवरून एक सीडी आणली. तिला कव्हर नव्हते, वर मार्करने नाव लिहिलेले होते, तेही अर्धे पुसलेले.

गेम सुरू झाला तेव्हा आमची पहिली प्रतिक्रिया निराशेची होती, कारण बराच वेळ काहीच घडत नव्हते. वर्ष १९८५, स्थळ एव्हरॉन नावाचे काल्पनिक बेट, आणि आपण डेव्हिड आर्मस्ट्राँग नावाचे साधे शिपाई. हाताखाली कोणी नाही, उलट आपल्यालाच तुकडीतला एक क्रमांक मिळालेला, आणि रेडिओवर तुटक, यांत्रिक आवाजात येणारे हुकूम पाळायचे. मोकळ्या माळावरून तुकडीमागे चालत असताना पुढचा माणूस अचानक कोसळला, मग बाजूचा, आणि काही कळायच्या आत आम्हीही. मित्र खुर्चीतून उठून ओरडला, “अबे, गोळी आली कुठून?” खोलीतल्या चौघांपैकी कोणालाही सांगता आले नाही. शत्रू तीनशे-चारशे मीटरवरच्या झाडोऱ्यात होता आणि त्या काळच्या पडद्यावर तो चार-दोन ठिपक्यांपेक्षा मोठा दिसतही नव्हता.

माझ्या मते या गेमची सारी करामत तो खेळणाऱ्याला काय नाकारतो यात आहे. चित्रे त्याही काळात सामान्यच होती. गोळीने जीव गेला नाही आणि ती पायाला लागली, तर उभे राहता येत नाही, सरपटत जावे लागते. हाताला लागली तर नेम डळमळतो. रस्त्यात औषधाची पेटी पडलेली नसते, वैद्यकीय सैनिक गाठावा लागतो. अवघड पातळीवर खेळले तर नकाशावर आपण कुठे आहोत याची खूण नसते. होकायंत्र काढायचे, चर्चचा मनोरा किंवा रस्त्याचे वळण नकाशाशी ताडून पाहायचे आणि अंदाज बांधायचा. रात्रीच्या मोहिमेत आकाशातले तारे खऱ्या जागी असल्यामुळे सप्तर्षींवरून ध्रुवतारा शोधून उत्तर दिशा ठरवता येत असे, आणि आमच्यातला एक जण हे खरोखर करी. या सगळ्यात भर म्हणजे एका मोहिमेत गेम जतन करण्याची संधी एकदाच मिळे. ती कधी वापरायची यावर आमच्यात जितके वाद झाले, तितके इतर कशावरून झाले नसतील. त्यातून भारनियमनाचे दिवस. घरी यूपीएस नसलेल्या मुलाला शत्रूच्या गस्तीइतकीच भिंतीवरच्या घड्याळाचीही धास्ती असे.

आमच्या त्या मार्करवाल्या सीडीचा एक वेगळाच अध्याय आहे. काही काळ खेळल्यावर गोळ्या लागेनाशा झाल्या. नेम अचूक धरला तरी गोळी भलतीकडे जाई. कॅफेवाल्या दादांनी दोष माउसला दिला, खालचे झाकण फिरवून रबरी गोळी बाहेर काढली, आतल्या चाकांवर बसलेला मळ नखाने खरवडला, गोळी शर्टाला पुसून परत बसवली, तरी फरक शून्य. पुढे कळले की गेममध्ये ‘फेड’ नावाची चोरीविरोधी यंत्रणा होती. नकली प्रत आहे हे ओळखल्यावर ती गेम बंद पाडत नसे. नेम बिघडवणे यासारख्या उपायांनी खेळ हळूहळू नासवत नेई. मला ही शिक्षा आजही फार हुशारीची वाटते, कारण नकली प्रत घेणाऱ्याला आधी गेमची चटक लागे आणि मगच तो हातातून निसटे. आमच्यातल्या दोघांनी पैसे साठवून अस्सल प्रत मागवली ती याच चटकेपायी.

मोहिमांपैकी कोणत्याही जुन्या खेळाडूला विचारा, तो मोंतिन्याकचे नाव घेईल. त्या गावावरचा हल्ला फसतो, तुकडीची वाताहत होते आणि पुढच्या मोहिमेत आपण एकटेच जंगलात उरतो. काम एकच, सुटकेच्या ठिकाणापर्यंत पोचायचे. झाडांमधून गस्तीची पथके फिरत असतात आणि बंदूक हातात असली तरी ती चालवणे बहुधा आत्मघाताचे ठरते, कारण एका आवाजावर सगळे त्या दिशेने वळतात. मी ती मोहीम मे महिन्यात, कूलरच्या घरघरीत खेळत होतो, आणि पावलांचा आवाज ऐकू यावा म्हणून चक्क कूलर बंद केला होता. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी कूलर बंद करणे म्हणजे काय, हे इथल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

तरीही केवळ मोहिमांवर हा गेम इतका टिकला नसता. त्याच्यासोबत एडिटर येई, म्हणजे नकाशावर क्लिक करून सैनिक ठेवायचे, त्यांना वाटेचे टप्पे द्यायचे, वेळ आणि हवामान ठरवायचे, की आपली मोहीम तयार. मित्राचे वडील सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते आणि कामठीला राहत. एकदा ते चहाचा कप हातात घेऊन मागे उभे राहून पाहत होते. मी टेकडीच्या माथ्यावरून दुर्बिणीने न्याहाळत होतो. काका म्हणाले, “माथ्यावर कशाला उभा राहतोस? आभाळावर उमटतोस तिथे. दोन पावलं खाली उतर, मग पाहा.” मी उतरलो. नंतर लॅनवर, म्हणजे एकमेकांना तारेने जोडलेल्या संगणकांवर, समोरासमोर खेळताना काकांचा हा एक सल्ला पाळणारा आणि न पाळणारा यांच्यातला फरक दर खेपेस दिसे, कारण माथ्यावरची आकृती दुरूनही निळ्या आकाशावर काळी ठसठशीत दिसते.

मग आम्हाला आपल्याच गावची लढाई मांडण्याची कल्पना सुचली. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीला, म्हणजे आमच्या बर्डीलाच, अप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य आणि ईस्ट इंडिया कंपनीची फौज यांच्यात लढाई झाली. इंग्रज दोन शेजारच्या टेकड्यांवर होते, एक मोठी आणि एक लहान. भोसल्यांच्या अरब सैनिकांनी लहान टेकडी जिंकली आणि तिथून मोठीवर मारा सुरू केला. इंग्रजांनी प्रतिहल्ला करून ती परत घेतली आणि पारडे फिरले. तिथला सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात असतो आणि २६ जानेवारी, १ मे व १५ ऑगस्टला लोकांसाठी उघडतो, तेव्हा वर जाऊन आम्ही जागा पाहून आलो. बेटावर साधारण तशा दोन टेकड्या शोधल्या. तोड्याच्या बंदुकांऐवजी १९८५ च्या रायफली हातात आल्याने इतिहासाचे काही खरे राहिले नाही, हे मान्य; पण लहान टेकडी गेली की मोठीवर डोके वर काढणे अशक्य होते, हे दर वेळी तसेच घडे. शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत उरकलेली ती लढाई मला त्या एडिटरमुळे कळली.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. ‘फ्लॅशपॉइंट’ हे नाव कोडमास्टर्सकडे राहिले आणि बोहेमियाचे पुढचे गेम आर्मा या नावाने आले. दुसरा भाग २००९ मध्ये, तिसरा २०१३ मध्ये. तिसऱ्यातले अल्टिस बेट ग्रीसच्या लिम्नोस बेटावरून घेतले आहे. २०१२ मध्ये त्या बेटावर गेलेल्या बोहेमियाच्या दोन कर्मचाऱ्यांना हेरगिरीच्या संशयावरून अटक झाली आणि चार महिने कोठडीत काढावे लागले. दुसऱ्या भागावर रचलेल्या ‘डेझी’ या मॉडमधून, म्हणजे मूळ गेममध्ये बदल करून बनवलेल्या आवृत्तीतून, ब्रेंडन ग्रीन यांनी आपला बॅटल रॉयल प्रकार, म्हणजे शेवटी एकच जण उरेपर्यंत चालणारा खेळ, काढला आणि त्यातूनच पुढे ‘पबजी’ आला. फुटाळा तलावाच्या काठावर मोबाइल घेऊन बसणाऱ्या पोरांना ही वंशावळ सांगितली तर ती विश्वास ठेवत नाहीत.

आता सुरुवात कुठून करावी. मूळ गेम २०११ पासून ‘आर्मा: कोल्ड वॉर असॉल्ट’ या नावाने मिळतो आणि जुन्या संगणकावरही चालतो, पण आजच्या नवख्याला त्याचे रूप आणि कळफलकावरची गुंतागुंत दोन्ही जड जातील. ‘आर्मा रिफोर्जर’मध्ये एव्हरॉन नव्या रूपात आहे, मात्र तो मुख्यतः इतरांसोबत खेळण्याचा गेम आहे आणि अनोळखी लोकांच्या गर्दीत पहिले काही दिवस फक्त मरण्यात जातात. म्हणून मी आर्मा ३ सुचवेन, आणि त्यातही आधी एडिटर. एक स्वतःचा सैनिक ठेवा, चारशे मीटरवर शत्रूची छोटी तुकडी ठेवून तिला गस्तीची वाट द्या, वेळ पहाटेची ठेवा आणि बघा किती वेळ जिवंत राहता. खर्च करायचाच असेल तर तो ग्राफिक्स कार्डाच्या आधी हेडफोनवर करा. जवळून जाणाऱ्या गोळीचा कडाका आधी ऐकू येतो आणि बंदुकीचा दबका आवाज मागाहून. दोन्हींमध्ये जितका उशीर, तितका नेमबाज दूर. मागाहून येणारा आवाज कोणत्या कानात जास्त आला हे ओळखता आले, की गोळी कुठून आली ते डोळ्यांना दिसण्याआधी कळू लागते.