वजनाचं लक्ष्य तीन किलोंवर आलं आणि भूक आवरेना, काय करू?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: राहायला साताऱ्यात, उंची १७० सेंमी, ८४ वरून ७० वर आलात, ६७ गाठायचंय. महिना झाला, रात्री दहाला स्वयंपाकघरात डबे हुडकत उभे राहता. जिममधले म्हणतात, आणखी कमी खा, मनावर ताबा ठेवा.

हे 'मनावर ताबा' ऐकलं की माझं डोकं फिरतं. सांगलीत मी आहारसल्ल्याचं काम करते आणि इथल्याच एका जिमच्या ट्रेनरशी नेमक्या याच वाक्यावरून माझं कधीपासूनचं जुंपलेलं आहे. तेव्हा उत्तर लांबणार.

चौदा किलो उतरवल्यावर भूक वाढली नाही तरच नवल. चरबी घटली की चरबीतच तयार होणारं लेप्टिन हे हार्मोन घटतं, मेंदू त्याचा अर्थ 'साठा संपत आला' असा लावतो. भूक लावणारं घ्रेलिन वाढतं. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ साली दाखवलं की वजन उतरवून वर्ष झालं तरी ही हार्मोन्स पूर्वपदावर आलेली नसतात. म्हणजे 'पंधरा दिवस कळ काढा, सवय होईल' हे खोटं. २०१६ चा एक अभ्यास तर फार बोलका आहे. मधुमेहाचं एक औषध साखर लघवीवाटे बाहेर टाकतं, त्यामुळे डाएट न करताच वजन उतरतं. अशा रुग्णांवरून हिशेब निघाला की उतरलेल्या प्रत्येक किलोमागे भूक रोज साधारण १०० कॅलरींनी वाढते आणि शरीराचा खर्च २० ते ३० कॅलरींनी घटतो. तुमच्या चौदा किलोंना गुणून बघा. एवढी ओढ असताना तुम्ही फक्त डबे हुडकताय, हाच ताबा आहे.

आता चूक कुठे होते ते. ८४ किलोंना तुमचा रोजचा खर्च २३०० कॅलरी धरू, तुम्ही १७०० खात होता, तूट ६००. ७० किलोंना खर्च १९५० च्या आसपास येतो. त्याच १७०० वर तूट उरते २५०. वजन रेंगाळतं, ट्रेनर १३००-१४०० चा कागद हातात देतो, आणि चरबीचा साठा कमी झालेला असताना तूट पुन्हा साडेपाचशेवर जाते. भूक तिथे उसळते. १७०० वरच राहिलात तर रोजचे २५० म्हणजे महिन्याला ७५०० कॅलरी, चरबीच्या हिशेबात किलोभर. तीन किलोंना तीन महिने. शेवटच्या टप्प्याचा वेग एवढाच असतो.

मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत्यांचं उदाहरण सांगते, त्यात सगळं आलं. ९१ वरून ७६ वर आलेले, ७२ करायचे होते. ट्रेनरने भाकरी बंद केलेली. दहाला अंड्यांचं फक्त पांढरं, दोनला एक फुलका आणि काकडी, यार्डात दिवसभर बिनसाखरेचा चहा, संध्याकाळी सातला सूप. कागदावर १२००. वजन मात्र महिनाभर हलेना. सांगताना म्हणाले, "रात्री फक्त दोन मुठी भडंग खातो." शेजारी बसलेल्या वहिनी म्हणाल्या, "दोन मुठी बसून. उभ्या-उभ्या खाल्लेल्या कोण मोजतंय?"

डबा मागवून घेतला. त्यांची एक मूठ काट्यावर २२ ग्रॅम भरली. वहिनींच्या अंदाजाने रोजच्या सहा मुठी, म्हणजे १३० ग्रॅम. घरच्या भडंगात दाणे आणि तेल सढळ असलं की १०० ग्रॅमला साडेचारशे-पाचशे कॅलरी होतात. रात्री अकराला सहाशे कॅलरी, त्यात प्रथिनं नावाला आणि पोट तासाभरात परत रिकामं. भडंगाला दोष नाही. दिवसभर उपाशी ठेवलेला माणूस हाताला लागेल ते खाणार.

आम्ही भाकरी परत आणली. ज्वारीचं ५० ग्रॅम पीठ म्हणजे एक मध्यम भाकरी, १६५ कॅलरी, पाचेक ग्रॅम प्रथिनं आणि तेवढाच चोथा. रात्री आठला दीड भाकरी, ४० ग्रॅम कोरड्या मसुरीचा घट्ट अख्खा मसूर, पोकळा किंवा मेथी ताटाचा एक तृतीयांश भरेल एवढी, १०० ग्रॅम दह्यातली काकडीची कोशिंबीर. तेल सगळं मिळून दोन चहाचे चमचे. बेरीज साडेपाचशेच्या आसपास, भडंगापेक्षा कमी. दुपारी दोन फुलके आणि उसळ. अंडी दोन, पिवळ्यासकट. पाच वाजता, म्हणजे डब्याची आठवण यायच्या बरंच आधी, भाजलेले चणे ३० ग्रॅम आणि मोठा ग्लास ताक. आठवड्यात वजन ७०० ग्रॅमने वाढलं. ट्रेनर म्हणाला, "मॅडम, तुम्ही भाकरी देऊन लाड करताय, बघा." भाकरी परत आली की स्नायूंमधला साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, भरतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी येतं, एवढं त्याला कुणी सांगितलं नसावं. तिसऱ्या आठवड्यापासून काटा खाली यायला लागला. अडते पुढे ७३ वर थांबले, कारण मधुमेह-बीपीचे आकडे तिथेच जागेवर आले होते.

भूक कमी करणारी पहिली गोष्ट प्रथिनं. तुमच्या ७० किलोंना रोज ८५ ते १०० ग्रॅम धरा. इथे लोक स्वतःला फसवतात. वाटीभर मटकीच्या उसळीत २० ग्रॅम प्रथिनं असतात असं समजतात, पण ४० ग्रॅम कोरडी मटकी भिजून-मोडून वाटीभर होते आणि प्रथिनं येतात जेमतेम नऊ. दोन अंडी १३, दीडशे ग्रॅम कच्चं चिकन ३३, सोयाबीनच्या ३० ग्रॅम कोरड्या वड्या १५, पाव किलो दही आठ. जुळवायला बसलात की कळतं, प्रत्येक जेवणात काहीतरी घालावंच लागतं. नुसत्या वरणावर भागत नाही.

दुसरी गोष्ट तेल आणि कूट. आपल्याकडे भाजीला पळीने तेल पडतं. एक चहाचा चमचा ४५ कॅलरी, पळीत असे तीन-चार सहज मावतात. दाण्याचा कूट मसाला समजून घालतात, पण भरलेला एक मोठा चमचा ६० कॅलरी आहे. हे दोन मोजलेत तर भाकरी काढायची वेळ येत नाही. धाब्यावरचा अख्खा मसूर आणि घरचा, फरक सगळा तर्रीचा.

बटाटा सोडला असेल तर परत आणा. सिडनीत १९९५ साली ३८ पदार्थांची पोट भरण्याची क्षमता मोजली, त्यात उकडलेला बटाटा पहिला आला, पांढऱ्या पावाच्या तिप्पट. दीडशे ग्रॅमला सव्वाशेच्या आसपास कॅलरी. बदनामी वड्याची, शिक्षा बटाट्याला. तासगावचे बेदाणे 'ड्रायफ्रूट' म्हणून मुठीने खात असाल तर मात्र थांबा. १०० ग्रॅमला ३०० कॅलरी. तेवढ्यात चारशे ग्रॅमहून जास्त द्राक्षं येतात आणि ती संपवायला दम लागतो.

यवतेश्वरचा घाट चढायला सकाळी रिकाम्या पोटी जात असाल तर परत येऊन काय खाता ते लिहा. पाच किलोमीटर चालून अडीचशे-तीनशे कॅलरी जातात, आणि फरसाण-पावासकट एक मिसळ त्याच्या दुप्पट भरते. शिवाय तूट मोठी असली की माणूस नकळत कमी हलतो, दिवसभर बूड टेकतो. त्यामुळे घाट एकदा चढण्यापेक्षा दिवसभराची पावलं टिकवणं जास्त कामाचं. झोप सहा तासांच्या खाली असेल तर वरचं सगळं अर्धं वाया. दोन रात्री चार-चार तास झोपवलेल्या तरुणांमध्ये भूक जवळपास पाव पटीने वाढलेली २००४ साली मोजली आहे, आणि ओढ होती ती गोडाची, खारटाची आणि पिठूळ पदार्थांची.

रात्री दहाला एकच प्रश्न स्वतःला विचारा: सकाळची भाकरी आणि ताक चालेल का? चालत असेल तर खरी भूक आहे, खा, आणि उद्या संध्याकाळचं खाणं वाढवा. फक्त भडंग किंवा कंदी पेढाच हवा असेल तर ब्रश करून झोपा.

तुमचं मूळ विचारणं ६७ कसं गाठू असं होतं. मला विचाराल तर आधी दोन आठवडे १९५० वर राहा. काटा किलोभर वर जाईल, जाऊ द्या. मग १७००. आणि ६७ च का? हा आकडा भारतीयांसाठीच्या बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) २३ वरून आलेला दिसतो. कंबर ९० सेंमीच्या आत असेल आणि साखर-बीपी ठीक असेल, तर ७० वर सहा महिने टिकून दाखवणं तीन किलोंपेक्षा अवघड आणि मोलाचं आहे. ६७ झाल्यावर दुसऱ्या दिवसापासून काय खायचं हे तुमच्या जिमवाल्यांना विचारून बघा. आमच्या ट्रेनरने त्याचं उत्तर अजून दिलेलं नाही.

हे आधीच सांगायला हवं होतं: मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, आणि भुकेसोबत घाम, थरथर, धडधड होत असेल, तर ती साखर उतरल्याची भूक आहे. लगेच ग्लुकोज किंवा साखर घ्या आणि डॉक्टरांकडून डोस कमी करून घ्या. इतकं वजन उतरल्यावर जुना डोस जास्त होऊ शकतो. थायरॉइडच्या गोळीचंही तेच, टीएसएच तपासा. किडनीचा त्रास असेल तर प्रथिनांचे माझे आकडे तुम्हाला लागू नाहीत. आणि रात्रीचं खाणं लपून, पोट दुखेपर्यंत होत असेल, तर तूट आजच बंद करा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. ते काम आहारतज्ज्ञाचं नाही, ट्रेनरचं तर नाहीच.