झेब्रा हॉवर्थिया: पाणी कमी, लक्ष जास्त

झेब्रा हॉवर्थिया ही जाड पानांत पाणी साठवणारी छोटी वनस्पती, मूळची दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतातली, झुडपांच्या आडोशाला वाढणारी. म्हणून पूर्वेची खिडकी उत्तम. दुपारच्या उन्हात पानं तांबूस होतात.

नर्सरीतून आणलेलं रोप बहुतेकदा नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) असतं. ते कोकोपीट आधी काढाच. कोकोपीट ओल धरून ठेवतं आणि मुळं कुजतात. दोन भाग जाड वाळू किंवा परलाइट (हलके पांढरे खडे), एक भाग बागेची माती, एक भाग चाळलेलं कंपोस्ट असं मिश्रण करा. ४ इंची, तळाला भोक असलेली मातीची कुंडी पुरते. मोठी कुंडी उशिरा सुकते. रोपबदलानंतर आठवडाभर पाणी नको.

पुढे काडी तळापर्यंत खुपसून बघा. कोरडी निघाली तरच भोकातून वाहीपर्यंत पाणी द्या, बशीत साचलेलं ओतून टाका. पावसाळ्यात माती सुकायला तीन आठवडेही लागतात. ठरलेल्या वारी पाणी घालू नका!

पानं सुरकुतली तर बहुधा तहान. बुडाशी मऊ, पारदर्शक झाली तर कुज: रोप उपसा, तपकिरी भाग स्वच्छ कापा, चार दिवस सावलीत सुकवून कोरड्या मिश्रणात लावा. माती ओली असूनही पानं सुरकुतलेली? मुळंच गेलीत, आणखी पाणी देऊ नका.