मुकुट परत मागितलाय, देऊ का?

वाचकांचे प्रश्न, वकीलताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, माझी मुलगी 19 वर्षांची आहे, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीनंतर पुण्यात एका सौंदर्यस्पर्धेत तिचा पहिला नंबर आला. आम्ही पेढे वाटले, गल्लीत फ्लेक्स लागला. आता मावसबहिणीच्या हळदीतला तिचा एक जुना व्हिडिओ कुणीतरी फिरवलाय. त्यात ती वर्गातल्या एका मुलाबरोबर नाचतेय, त्याचा हात तिच्या खांद्यावर आहे. एवढंच. पण आयोजकांचा फोन आला की किताबाची बदनामी झाली, मुकुट आणि पट्टा आठ दिवसांत परत करा, नाहीतर करारातले 3 लाख भरा. स्टेजवर जायच्या आधी विंगेत त्यांनी तिच्या सह्या घेतल्या होत्या. तो 7 पानी इंग्रजी करार आम्हाला आत्ता व्हॉट्सअॅपवर पाहायला मिळाला. वर्षभर लग्न करायचं नाही, प्रेमसंबंध नकोत, वजन वाढता कामा नये, आयोजकांविरुद्ध कुठेही बोलायचं नाही. तिचे बाबा म्हणतात, देऊन टाका आणि विषय संपवा. पोरगी नीट जेवत नाही. तिचं खरंच चुकलं का?
– एक आई, सातारा

उत्तर : नाही, ताई. तिचं काहीही चुकलेलं नाही. आधी एवढं तिला वाचून दाखवा, तिला जेवायला बसवा, मग पुढचं वाचा.

मुकुट आज परत करू नका. फोनवर हो-नाही काही बोलू नका. आयोजकांना साध्या कागदावर, नाहीतर ईमेलवर चार ओळी लिहा : सही केलेल्या कराराची पूर्ण प्रत द्या, कोणतं कलम मोडलं ते सांगा, आणि ज्या प्रसंगाबद्दल तक्रार आहे त्याची तारीख कळवा. हळद करारावर सही व्हायच्या आधीची आहे ना? मग सही करण्याआधीच्या दिवसांसाठी तिनं कसलंही वचन दिलेलं नव्हतं. एकच गोष्ट तपासा. प्रवेशअर्जात काही विचारलं होतं आणि तिनं खोटं लिहिलं, असं तर झालं नाही? तसं नसेल तर तुमची बाजू भक्कम आहे.

आता ती कलमं. भारतीय करार कायदा 1872 सालचा आहे, आणि त्याचं 26वं कलम एका वाक्याचं आहे : अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालची, व्यक्ती सोडून कुणाच्याही लग्नाला आडकाठी करणारा करार रद्दबातल. लग्न केल्यास किताब सोडावा लागेल, एवढंच लिहिलं असेल तर त्यावर वकील वाद घालू शकतात. पण लग्नाला सरळ बंदी आणि वर दंड, हे कायद्यापुढे टिकणं अवघड आहे. 3 लाखांचंही तसंच. कलम 74 प्रमाणे करारात आकडा लिहिला म्हणून तेवढे पैसे आपोआप द्यावे लागत नाहीत. न्यायालय वाजवी भरपाई ठरवतं, आणि लिहिलेला आकडा ही तिची वरची हद्द असते. हळदीतल्या नाचामुळे 3 लाखांचं नुकसान कसं झालं, हे आयोजकांना न्यायालयाला पटवावं लागेल. तेव्हा त्या आकड्यानं तुमची झोप उडू देऊ नका.

वजनाच्या कलमावर जरा सविस्तर लिहिते, कारण तो विषय माझ्या मनातून जात नाही. काही वर्षांपूर्वी अशीच एक विजेती माझ्या ऑफिसात आली होती. मिठाईच्या खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून तिनं मुकुट आणला होता. एका बाजूचे तीन खडे पडलेले, केसांत खोचायचा कंगवा वाकलेला. करारात तिचं वजन 54 किलो असं टाईप केलं होतं आणि पुढे पेनानं लिहिलं होतं, ‘याहून जास्त चालणार नाही.’ दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आयोजकांच्या ऑफिसात, बाहेर बाकावर बसलेल्या लोकांच्या देखत, तिला काट्यावर उभं करत. आदल्या दुपारपासून ती पाणीसुद्धा प्यायची नाही. माझ्यासमोर बसली होती तेव्हा तिची नखं निळसर दिसत होती. आम्ही फक्त एक पत्र पाठवलं : वजनकाटा बंद करा, नाहीतर हा कागद आम्ही बाहेर काढू. काटा बंद झाला. तिनं वर्ष पुरं केलं आणि मुकुट वेळेवर पुढच्या मुलीला दिला.

ही गावगल्लीतलीच गोष्ट नाही. व्हेनेझुएलाची अलिसिया माचादो 1996ची मिस युनिव्हर्स. तिचं वजन वाढलं म्हणून स्पर्धेचे तेव्हाचे मालक डोनाल्ड ट्रम्प यांनी जिममध्ये पत्रकार बोलावून कॅमेऱ्यांसमोर तिला व्यायाम करायला लावला. आपली हरनाझ संधू डिसेंबर 2021 मध्ये मिस युनिव्हर्स झाली आणि काही महिन्यांत लोक तिच्या अंगकाठीवर बोलू लागले. तिला सिलिअॅक आजार आहे, गव्हासारखं धान्य सोसत नाही, हे तिला स्वतः सांगावं लागलं. शरीर ही वर्तणूक नव्हे, ताई. ते आचारसंहितेत असताच कामा नये.

जुन्या व्हिडिओबद्दल बाबांना एक गोष्ट सांगा. व्हनेसा विल्यम्स सप्टेंबर 1983 मध्ये ‘मिस अमेरिका 1984’ झाली. तो मुकुट मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. किताबाच्या आधी काढलेले तिचे विवस्त्र फोटो एका मासिकानं तिच्या परवानगीशिवाय छापायचं ठरवलं आणि जुलै 1984 मध्ये तिला किताब सोडावा लागला. त्यानंतर 31 वर्षांनी, सप्टेंबर 2015 मध्ये, त्याच स्पर्धेच्या मंचावर संस्थेच्या प्रमुखांनी तिची आणि तिच्या आईची जाहीर माफी मागितली. आईचीसुद्धा, हे मी मुद्दाम लिहितेय. फोटो फिरवणारा मोकळा आणि जिचे फोटो तिनं घरी जायचं, हा न्याय त्या संस्थेला पुरता उलटवायला तीन दशकं लागली. तुमच्या लेकीच्या व्हिडिओत तर कॉलेजातली दोन पोरं नाचताहेत. ‘देऊन टाका’ म्हणून विषय संपणार नाही. तिनं काहीतरी केलं असणार, असंच गाव म्हणेल.

राहिलं तोंड बंद ठेवण्याचं कलम. कामातली गुपितं बाहेर सांगायची नाहीत, इथवर ठीक. पण छळ झाला तर तक्रारच करायची नाही, असा त्याचा अर्थ कुणी लावत असेल तर तो मानू नका. कायद्यानं दिलेल्या दाद मागण्याच्या हक्कावर पूर्ण बंदी घालणारा करार कलम 28 खाली रद्दच असतो. मे 2024 मध्ये मिस यूएसए नोएलिया व्हॉइट हिनं किताब सोडला. तिच्या निवेदनातल्या पहिल्या अकरा वाक्यांची आद्याक्षरं जुळवली तर इंग्रजीत ‘माझा आवाज दाबला आहे’ अशा अर्थाचे शब्द होत होते. दोनच दिवसांनी मिस टीन यूएसए उमासोफिया श्रीवास्तव हिनंही मुकुट सोडला, आणि दोघींच्या आया पुढे येऊन बोलल्या. लेकीच्या हातापायांत करार असेल तर आईनं बोलायचं असतं. तुम्ही पत्र लिहिलंत, ही त्याचीच सुरुवात आहे.

प्रश्न : आमचं महिला मंडळ नवरात्रात तालुक्यापुरती सौंदर्यस्पर्धा घेतं. मागच्या विजेतीनं पट्टा घालून एका खासगी सावकाराच्या दुकानाची फीत कापली आणि आम्हाला बोलणी खावी लागली. विजेतीकडून काहीच अपेक्षा ठेवायची नाही का? नियम करायचे तर कोणते?
– मंडळाच्या सचिव, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : अपेक्षा जरूर ठेवा. मुकुट मंडळाचा आहे, तो घालून ती जे करेल त्याचा जाब तुम्हाला विचारला जाणार. म्हणून पट्टा आणि मुकुट घालून कुठे जायचं ते दोघांनी मिळून ठरवावं, पैसे घेऊन उद्घाटन करायचं तर आधी सांगावं, ठरलेल्या कार्यक्रमाला वेळेवर यावं, कुणाच्या जातीधर्माला, रंगाला बोलू नये, दुसऱ्या स्पर्धक मुलीचा अपमान करू नये. एवढं लिहून काढा, मराठीत, एका पानावर. सही स्पर्धेच्या आधी पंधरा दिवस घ्या. विंगेत, केसांत पिना खोचताना घेतलेली सही म्हणजे फसवणूकच.

दुसऱ्या स्पर्धकाच्या अपमानाचा नियम मी मुद्दाम घातला. एप्रिल 2021 मध्ये कोलंबोत, विवाहित स्त्रियांसाठीच्या मिसेस श्रीलंका स्पर्धेच्या मंचावर तेव्हाची मिसेस वर्ल्ड कॅरोलिन जुरी पुढे आली, नव्या विजेतीला घटस्फोटित म्हणाली आणि टीव्हीवर सगळ्यांसमोर तिच्या डोक्यावरचा मुकुट हिसकावून उपविजेतीला घातला. विजेती पुष्पिका डी सिल्व्हा नवऱ्यापासून वेगळी राहत होती, घटस्फोट झालेला नव्हता. तिच्या डोक्याला इजा झाली, मुकुट तिला परत मिळाला आणि जुरीला अटक होऊन जामीन घ्यावा लागला. त्या मंचावर गैरवर्तन कुणाचं होतं ते लहान मूलही सांगेल. आणि नियम होता कशाबद्दल? तर विजेतीच्या संसाराबद्दल.

तुमच्या नियमांत लग्न, मूल, मित्र, कपडे, वजन काही घालू नका. मिस युनिव्हर्सनं 2023 पासून विवाहित स्त्रिया आणि आयांना प्रवेश दिला. त्याआधी किती मुली घरी पाठवल्या गेल्या! 1974 ची मिस वर्ल्ड हेलन मॉर्गन लग्नाशिवाय आई झालेली आहे, हे वर्तमानपत्रांत आलं आणि चौथ्या दिवशी तिनं किताब सोडला. तिच्या मुकुटावर त्यामुळे कोणता डाग पडला, हे मला आजवर कुणी समजावून सांगू शकलेलं नाही.

एक पान तिच्याकडून, तर एक पान मंडळाकडून. प्रवासखर्च कोण देणार, सोबत कोण जाणार, रात्री आठनंतर कार्यक्रम नाही, तक्रार कुणाकडे करायची. विजेतीला कुठे पाठवायचं याचाही विचार करा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकणाऱ्या, मूळ गोव्याच्या रीता फारिया 1966 साली मिस वर्ल्ड झाल्या. त्याच वर्षअखेर त्या अमेरिकी विनोदवीर बॉब होप यांच्या कार्यक्रमातून व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिकांपुढे गेल्या आणि भारतात नाराजी उसळली. दौरे किताबाबरोबर येतात, बोलणी मात्र त्या मुलीला खावी लागतात. वर्ष संपल्यावर त्या पुन्हा वैद्यकीय शिक्षणाकडे वळल्या आणि डॉक्टर झाल्या. तुमच्या विजेतीची परीक्षा कधी आहे हे विचारूनच तारखा ठरवा.

प्रश्न : ताई, मी 16 वर्षांची आहे. एका स्पर्धेत उपविजेती झाले. दोन वर्षांच्या करारावर मी सही केलीय. मोडता येईल का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : बाळा, 18 पूर्ण नसताना केलेला करार तुला बांधतच नाही. 1903 साली प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वांत वरच्या न्यायालयानं, मोहरीबीबीच्या खटल्यात तसं स्पष्ट सांगितलं, आणि आजही आपली न्यायालयं तेच धरून चालतात. पण तुझ्या आईबाबांनी कुठे स्वतःच्या नावानं सही केली असेल तर ती वेगळी बघावी लागेल. त्यांना घेऊन बस, सगळी पानं नीट चाळ आणि फोटो काढून मासिकाच्या पत्त्यावर पाठव. शेवटचं पान विसरू नकोस. दंडाचं कलम बहुतेक वेळा तिथेच, बारीक अक्षरांत असतं.