३६ सेशनचे पैसे एकदम भरू का?

प्रश्न: मुलगा चौथीत आहे, ९ वर्षांचा. वाचताना ओळ चुकते, अर्ध्या तासात डोकं धरून बसतो. शाळेतल्या तपासणीत नजर ६/६ निघाली. घोडबंदर रोडवरच्या एका सेंटरने व्हिजन थेरपी, म्हणजे डोळ्यांचे व्यायाम, सांगितली आहे. एक सेशन १,८०० रुपये. ३६ सेशनचं पॅकेज घेतलं तर ५४,०००, नाहीतर फायनान्स कंपनीकडून दरमहा ४,५०० चे १२ हप्ते. 'मार्कांत फरक दिसेल,' असं तिथल्या मॅडम म्हणाल्या. आम्हा दोघांचा हातात येणारा पगार ९२,०००. घरकर्जाचा हप्ता ३८,०००, एसआयपी ६,०००, बाकी सगळं खर्चात जातं. एफडी १,६०,००० ची आहे. ह्यांचं काँट्रॅक्ट मार्चमध्ये संपतंय. एफडी मोडू का?
– एक आई, कासारवडवली

उत्तर: ताई, एफडीला हात लावू नका. एसआयपी सोडली तर तुमचा महिन्याचा खर्च ८६,००० आहे, म्हणजे ही एफडी दोन महिनेही पुरणार नाही. त्यात मार्चची टांगती तलवार. ही एफडी त्या मार्चसाठीच आहे असं समजा.

पण थेरपी नकोच, असंही मी म्हणणार नाही. मी डोळ्यांचा डॉक्टर नाही. तरी ५४,००० रुपयांत नक्की काय विकत घेतोय हे पाहणं माझ्या कामात येतं, म्हणून थोडं वाचलं.

६/६ म्हणजे लांबच्या तक्त्यावरची अक्षरं दिसली, एवढंच. पुस्तक हातभर अंतरावर असतं. तिथे दोन्ही डोळे आत वळून एकाच शब्दावर टिकावे लागतात आणि फोकसही धरावा लागतो. हे नीट जमत नसेल तर ओळ निसटते, अक्षरं दोन दिसतात, डोकं दुखतं. डोळे आत वळून टिकत नाहीत, त्या त्रासाला कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सी म्हणतात आणि त्यावर थेरपी खरंच चालते. अमेरिकेत हाच त्रास असलेल्या ९ ते १७ वयाच्या २२१ मुलांवर एक चाचणी झाली, २००८ साली ती प्रसिद्ध झाली. आठवड्याला एकदा तासभर सेंटरवर आणि घरी आठवड्यातले पाच दिवस थोडा सराव, असं १२ आठवडे केल्यावर ७३ टक्के मुलांना गुण आला. घरी नुसता पेन्सिलचा व्यायाम (पेन्सिल नाकाजवळ आणत तिच्यावर नजर धरायची) करणाऱ्यांत हा आकडा ४३ होता, आणि दिसायला तशीच पण नकली थेरपी घेतलेल्यांत ३५.

आता मॅडमच्या मार्कांकडे येऊ. पुढे ३११ मुलांवर १६ आठवड्यांची आणखी एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. त्यात वाचून समजण्याची क्षमता मोजली होती. खरी थेरपी घेतलेली मुलं आणि नकली थेरपी घेतलेली मुलं यांच्यात फरक निघाला नाही. म्हणजे डोळ्यांचा त्रास कमी होण्यासाठी पैसे द्यायला हरकत नाही, मार्कांसाठी देऊ नका. अडचण डिस्लेक्सियाची असेल तर ती मुळात भाषेची, आवाज आणि अक्षर यांची सांगड घालण्याची असते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी डिस्लेक्सियावर व्हिजन थेरपीला आधार नाही असं २००९ मध्येच एकत्र सांगितलं आहे.

म्हणून पहिला खर्च तपासणीचा, आणि तोही सेंटरच्या बाहेर, लहान मुलांच्या नेत्रतज्ज्ञाकडे. थेंब घालून नंबर काढून घ्या. कधी कधी लपलेला प्लस नंबर असतो आणि चष्म्यावरच भागतं. कन्व्हर्जन्स मोजायला सांगा. दोन-अडीच हजार धरून चला.

निदान झालं तरी पॅकेज घेऊ नका. ५४,००० ला १,८०० ने भागा, ३० येतात. मुलगा ३० सेशनच्या आत थांबला, बरा होऊन किंवा कंटाळून, तर पॅकेजची सवलत उलट अंगावर येते. (मी स्वतः एका अबॅकस क्लासची वर्षाची फी एकदम भरली होती. मुलगी दोन महिन्यांत थांबली आणि ते मणी अजून माळ्यावर आहेत. दुसऱ्यांना शहाणपण शिकवणं सोपं असतं.) हप्त्यांचा पर्याय तर आणखी वाईट. कंपनी सेंटरला पैसे देऊन मोकळी होते. पुढे थेरपी बंद पडली तरी तुमचे ४,५०० चालूच राहतात. आठवड्याला दोन सेशन धरली तर थेरपी १८ आठवड्यांत संपते, कर्ज वर्षभर. 'नो कॉस्ट' म्हणत असतील तर प्रोसेसिंग फी आणि जीएसटी विचारा आणि की फॅक्ट स्टेटमेंट (कर्जाचा सगळा खर्च आणि अटी लिहिलेला कागद) हातात घेतल्याशिवाय सही करू नका.

मी तुमच्या जागी असतो तर एसआयपी चार महिने थांबवली असती. पहिल्या महिन्याच्या ६,००० तून २,४०० तपासणीला गेले, ३,६०० उरले. पुढचे तीन महिने आठवड्याला एक सेशन, म्हणजे महिन्याला ७,२००. चौथ्या महिन्याच्या शेवटी हिशोब बरोबर शून्यावर येतो: १२ सेशन, २१,६०० रुपये, कर्ज नाही, एफडी शाबूत. एसआयपी थांबवायचा अर्ज मात्र हप्त्याच्या तारखेच्या बऱ्याच आधी द्या. हप्ता लागला आणि खात्यात पैसे नसले तर बँक दंड लावते. घरचा सराव चुकवू नका, तो फुकट आहे आणि चाचणीत ७३ टक्के मुलांना गुण आलेल्या थेरपीचा तो भाग होता.

१२ सेशननंतर नेत्रतज्ज्ञाकडून पुन्हा मोजून घ्या. आकडे सुधारले आणि डोकेदुखी गेली, तर पुढचं त्यांना विचारून ठरवा.

डोळे ठीक निघाले आणि तरी वाचन अडतंय, तर एसआयपीचे तेच पैसे रेमेडियल शिक्षिकेसाठी, म्हणजे वाचनात अडणाऱ्या मुलांना वेगळ्या पद्धतीने शिकवणाऱ्या बाईंसाठी, ठेवा. लर्निंग डिसेबिलिटीच्या (डिस्लेक्सियासारख्या शिकण्यातल्या अडचणीच्या) तपासणीसाठी सायनच्या पालिका रुग्णालयात क्लिनिक आहे. तुमच्याकडून घोडबंदर रोडचा ट्रॅफिक आणि मग ठाण्याहून स्लो लोकल, दिवस जाईल हे खरं. पण खाजगीत हीच तपासणी बरीच महाग पडते. या अडचणीचं प्रमाणपत्र वयाच्या ८ वर्षांनंतर मिळतं, तेव्हा मुलगा त्यात बसतो. परीक्षेत जादा वेळ मिळायला ते उपयोगी पडतं.

आणि एक घरीच करून बघा. पुस्तक बाजूला ठेवून त्याला एखादा लांबलचक शब्द ऐकवा आणि त्यातले आवाज एकेक सुटे करून म्हणायला सांगा. तिथेही अडखळला तर अडचण नुसती डोळ्यांची नसेल, मग नेत्रतज्ज्ञाची आणि सायनची वेळ एकाच आठवड्यात घ्या.