पान नंबर टाकून लिही

अमळनेर

प्रिय बेटा,

'श्यामची आई'वर लिहिलेली तुझी चार पानं वाचली. अक्षर सुरेख, शुद्धलेखन चोख. पण तीन पानं कथानकातच गेली आहेत आणि चौथ्यावर 'ही कादंबरी मनाला भिडली, खूप काही शिकवून गेली' एवढंच आहे. गोष्ट ज्याला हवी तो पुस्तक उघडेल. मला तुझ्याकडून जे हवंय ते पुस्तकात सापडणार नाही: वाचताना तुला काय वाटलं, कुठल्या ओळीपाशी वाटलं आणि का.

शेवटचं पान संपल्यावर आठवून लिहायला बसलं की हाती कथानकच उरतं. राग, लाज, कंटाळा चार दिवसांत विरून जातात. घटना तेवढ्या लक्षात राहतात. म्हणून नोंद वाचतानाच करायची. एक दोनशे पानी वही घे. डाव्या पानावर पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं, पान नंबर टाकून. उजवं पान तुझं. वीस-पंचवीस पानांमागे एक नोंद पुरे, नाहीतर गोष्टीचा ओघ तुटतो. वाचनालयाचं पुस्तक असेल तर रेघा मारू नकोस, कागदाची चिठ्ठी घाल. वहीच्या सुरुवातीला प्रकाशक आणि आवृत्तीही लिहून ठेव. या पुस्तकाच्या इतक्या आवृत्त्या आहेत, की तुझं चाळिसावं पान माझ्या प्रतीत भलतीकडेच निघेल.

उजव्या पानावरचं पहिलं वाक्य ज्या बोलीत मनात येईल त्याच बोलीत लिही. घरी अहिराणी बोलतेस ना? मग 'माले त्याना भलता राग उना' असंच उतरव. घाईनं पुस्तकी मराठी करायला गेलीस, की त्याचं 'हा प्रसंग विचार करायला लावणारा आहे' होतं आणि राग कुठल्या कुठे जातो. भाषा नीट करायची ती शेवटी.

आता तुझ्याच पानांकडे ये. अंघोळीनंतर तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम आईला लुगडं धोंड्यावर पसरायला लावतो, त्या प्रसंगावर तू लिहिलंस, 'यातून आईचं प्रेम दिसतं.' बरोबर आहे, पण हे वर्गातलं कोणीही लिहील. शेजारी समासात मात्र पेन्सिलीनं काहीतरी लिहून खोडलेलं आहे. कागद उजेडात धरला की वाचता येतं: 'तिचं लुगडं ओलं झालं त्याचं काय?' बेटा, तुझी खरी प्रतिक्रिया ती. ती का खोडलीस? एवढ्या मानाच्या पुस्तकाबद्दल असं लिहू नये, असं वाटलं असणार. लिहावं. फक्त तिथंच थांबू नये. राग कुणाचा आला, हट्ट करणाऱ्या मुलाचा की तो पुरवणाऱ्या आईचा? दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाईकडून घरातलं कोण काय मागतं, ते आठवलं का? आठवलं असेल तर दोन वाक्यांत लिही आणि परत पुस्तकात ये. इथं पुष्कळ मुलांचं भान सुटतं. स्वतःच्या घराबद्दल लिहिता लिहिता कादंबरी मागेच राहते. स्वतःबद्दल जेवढं, त्याच्या दुप्पट त्या पानाबद्दल, एवढं माप ठेव.

मग विचार, हे सांगतंय कोण आणि कोणत्या वयात? मुलांचं आयुष्य सांगणाऱ्या कुठल्याही कादंबरीत हा प्रश्न सोडू नकोस. श्याम मोठा झालेला आहे, आश्रमातल्या मित्रांना ४२ रात्रींत या आठवणी सांगतो आहे. साने गुरुजींनी हे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यांची आई १९१७ मध्येच गेली होती. म्हणजे लहान श्यामचा हट्ट मोठ्या श्यामनं जाणून-बुजून सांगितला आहे. तो प्रसंग पुन्हा वाच. ओल्या लुगड्याची टोचणी त्यालाही आहे का, ते त्याच्याच शब्दांत शोध आणि सापडेल ते वाक्य डाव्या पानावर उतरव. मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'मध्ये (२००४) उलट आहे. आणीबाणीच्या काळातला नववीचा मुकुंद स्वतःच बोलतो, मोठा झालेला मुकुंद मध्ये येऊन काही समजावत नाही. त्याला न दिसलेली गोष्ट तुला दिसते, आणि लिहिण्यासारखी जागा तीच.

कंटाळा आला तर तोही लिही, पण कुठल्या पानापासून कुठल्या पानापर्यंत, ते सांग. वर्णन लांबलं? पुढं काय होणार ते आधीच कळलं? की ते जगच परकं वाटलं? श्यामचं बालपण कोकणातलं, पालगडचं. तिथलं सोवळं-ओवळं, पत्रावळी लावणं तापीकाठच्या मुलीला मनानं उभं करावं लागतं. ते करताना कुठं अडलीस, हेही प्रतिक्रियेतच येतं.

पक्का लेख ६०० ते ७०० शब्दांचा कर. कथानक पाच-सहा ओळी, त्याहून जास्त नको. दोनच जागा निवड आणि त्यांच्यावर सावकाश लिही. न सुटलेला एखादा प्रश्न असेल तर तो तसाच राहू दे. तात्पर्य लिहायची शाळेतली सवय इथं सोड. मलपृष्ठावरचा मजकूर लेख होईपर्यंत वाचू नकोस, त्यातली विशेषणं नकळत आपल्या वाक्यांत शिरतात.

लिहून झालं की दोन मैत्रिणींना वाचायला दे, त्यातल्या एकीनं तरी पुस्तक वाचलेलं नसावं. गुरुजी इथं प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात मुलांसाठी हातानं लिहून 'छात्रालय' दैनिक काढायचे. समोर वाचणारं माणूस असलं की पोकळ वाक्य लिहिताना हात आखडतो.

ती समासातली ओळ पहिल्या परिच्छेदात घेऊन लेख नव्यानं लिही आणि वहीसकट पाठव. मला डावी पानंही बघायची आहेत.

तुझे,
सर